मेळघाटातल्या पहिलीच्या वर्गात कोरकू: शब्दकोशाच्या आधी काय करायचं?

सर, तुमचा प्रश्न नीट वाचला. धारणीकडच्या जिल्हा परिषद शाळेत तुम्ही नवीन लागलात, पहिली-दुसरीची पोरं घरी फक्त कोरकू बोलतात, तुम्हाला कोरकू येत नाही, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना झाडपाल्याची जी माहिती आहे ती पोरांपर्यंत पोचत नाहीये असं तुम्हाला दिसतंय, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग करून कोरकू-मराठी शब्दकोश करावा का, असं तुम्ही विचारलंय.

शब्दकोश जरूर करा, पण त्यापासून सुरुवात करू नका. मी बरीच वर्षं मेळघाटात शाळा आणि ग्रामसभा अशा दोन्हीकडे काम करतेय आणि माझं मत आता पक्कं झालंय, भाषा ज्या कामात लागते ते काम चालू राहिलं तरच ती राहते. मोहफुलं वेचणं, कुटकी निंदणं, डिंक काढणं, बांबू तोडायला जाणं, होळीला रात्र-रात्र नाचणं, हे सगळं चालू असेल आणि शाळेत आपल्या भाषेत बोलल्यावर पोराला कोणी गप्प बसवत नसेल, तर कोरकूची काळजी तुम्हाला-मला करायची गरज नाही. यातलं एकेक सुटत गेलं तर कितीही जाडजूड कोश छापा, तो कपाटात राहतो. म्हणून आधी वर्ग, मग जंगल, आणि मग कोश, असं सांगते.

वर्गाच्याही आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो टीचर्स रूममध्ये सर्रास ऐकू येतो. कोरकू ही हिंदीची किंवा मराठीची बिघडलेली बोली नाही. ती मुंडा भाषांपैकी एक आहे, संथाली, मुंडारी आणि 'हो' नावाची भाषा या तिच्या बहिणी, म्हणजे पार झारखंड-ओडिशाकडच्या, आणि मोठं कुळ बघितलं तर ऑस्ट्रोआशियाई, ज्यात कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामीसुद्धा येते. या अख्ख्या कुळात सगळ्यात पश्चिमेला बोलली जाणारी भाषा म्हणजे आपली ही सातपुड्यातली कोरकू. तुमच्या वर्गातली पोरं मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई असे आकडे मोजतात ना, त्यापुढचा सहाचा तुरुई आणि दहाचा गेल तिकडे संथाल परगण्यातल्या पोरालाही लगेच कळेल. आजूबाजूला सगळीकडे मराठी, हिंदी आणि गोंडी, आणि मधे ही भाषा एवढा काळ टिकून राहिली. २०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे सव्वासात लाखांच्या वर होते, त्यातले बरेचसे मध्य प्रदेशात बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर, हरदा या बाजूला, आणि आपल्याकडे मुख्यतः धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत. आकडा मोठा दिसतो पण त्यावर विसंबू नका, सात लाखांची भाषासुद्धा एका गावात एका पिढीत बंद पडू शकते, आणि रस्त्यालगतच्या, बाजाराच्या गावांत आईबाप पोरांशी मुद्दाम हिंदीत बोलायला लागलेत हे तुम्हाला धारणीच्या आठवडी बाजारात दिसेलच.

आता वर्ग. तुम्ही लिहिलंय की पोरं "लिंग-वचनात खूप कच्ची" आहेत. ती कच्ची नाहीत हो. कोरकूत मराठीसारखं तो-ती-ते नसतंच, तिथे भेद सजीव आणि निर्जीव असा होतो. उलट वचनं मात्र आपल्यापेक्षा जास्त, एक, दोन आणि अनेक, दोघांसाठी वेगळं रूप. म्हणजे ज्या पोराला तुम्ही "ती बैल आला" म्हटल्यावर लाल पेनाने गोल करताय त्या पोराच्या डोक्यात एक वेगळं पण पूर्ण व्याकरण चालू आहे, आणि ते त्याने पाच-सहा वर्षांत कोणी न शिकवता शिकून घेतलंय. पहिल्या वर्षी लिंगाच्या चुका तपासूच नका. पोरगं मराठीत बोलतंय एवढं पुरे, तो-ती नंतर येतं, हळूहळू कानाने येतं. उलट आम्ही-आपण हा जो फरक मराठीत आहे, म्हणजे समोरच्याला धरून की वगळून, तो हिंदीवाल्यांना जड जातो पण कोरकू पोरांना पटकन जमतो कारण त्यांच्या भाषेत तसा फरक आहेच. अशा जागा शोधा जिथे पोरगं आधीच हुशार आहे, आणि सुरुवात तिथून करा.

दुसरी गोष्ट मधल्या हिंदीची. मेळघाटात बाहेरच्या माणसाशी बोलायची भाषा हिंदी आहे, मराठी नाही. पोरगं घरी कोरकू, दुकानात हिंदी, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा चार पायऱ्यांवर एकदम उभं असतं. बरेच शिक्षक अमरावती-अचलपूरकडून येतात, त्यांची वऱ्हाडी आणि पुस्तकातली मराठी यातही अंतर असतंच, आणि मग सगळेजण कंटाळून हिंदीवर येतात. पोरं गप्प बसलेली असतात आणि आपण म्हणतो लाजाळू आहेत. त्याच पोरांना शाळा सुटल्यावर नाल्यावर खेकडे पकडताना बघा, किती बोलतात ते.

"मातृभाषेत शिकवलं तर ती मागे पडणार नाहीत का" असं तुमचे सहकारी म्हणतात असंही तुम्ही लिहिलंय. घटनेचं कलम ३५० क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा असं सांगतं, २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वापरा असं आहे. त्यामुळे कोणी परवानगीचं विचारलं तर हे सांगा. आणि अनुभवाचं म्हणाल तर ओडिशाने २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत पहिलीपासूनची पुस्तकं काढून, त्याच समाजातले शिक्षक घेऊन हे करायला सुरुवात केली, आधी आपल्या भाषेत लिहा-वाचायचं आणि मग टप्प्याटप्प्याने ओडिया आणि इंग्रजी. वाचणं म्हणजे काय हे पोराला एकदा आपल्या भाषेत कळलं की दुसऱ्या भाषेत ते परत पहिल्यापासून शिकावं लागत नाही. मागे पडतात ती पोरं जी दोन वर्षं काहीच न कळता फळ्यावरचं उतरवत बसतात, आणि चौथीत त्यांना अक्षरं ओळखता येतात पण वाक्याचा अर्थ लागत नाही. आपल्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः गोंडीतून शिकवणारी शाळा काढली, ते बघून या. गावाला हवं असतं हो, आपण विचारत नाही.

तुम्हाला एकट्याला सरकारी पुस्तक बदलता येणार नाही, पण रोजचा पहिला तास तुमच्या हातात आहे. त्या तासाला कोरकू. तुम्हाला येत नाही हे उलट बरं, पोरांना सांगा की मला शिकवा. गावातली एखादी आठवी-दहावी झालेली सून किंवा पोरगी, अंगणवाडीची मदतनीस, कोणीही, वर्गात बसवा, तिला मानधन द्यायला ग्रामपंचायतीकडे पैसे मागा, फुकट राबवू नका. पोरांनी सांगायचं, तिने देवनागरीत फळ्यावर लिहायचं, पोरांनी चित्र काढायचं. लिपीचा वाद घालू नका. संथालीला रघुनाथ मुर्मूंनी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी करून दिली आणि पुढे २००३ च्या घटनादुरुस्तीने ती भाषा आठव्या अनुसूचीत गेली हे खरं आणि मोठं काम आहे, पण तुमच्या पोरांना आज देवनागरी शिकायचीच आहे तर तीच वापरा. फक्त एक लक्षात ठेवा, कोरकूत बऱ्याच शब्दांच्या शेवटी आवाज घशात अडतो, पाण्याला ते डा म्हणतात तेव्हा नीट ऐका, शेवटी झटका असतो. त्याला एक खूण ठरवून घ्या आणि सगळीकडे तीच ठेवा, नाहीतर पुढे तुमचंच लिहिलेलं तुम्हाला वाचता येणार नाही.

एका शाळेत आम्ही असाच तास लावला होता तेव्हा एक आजोबा फांद्यांची मोळी घेऊन आले. बोलले काहीच नाही, सालईची काडी मोडली आणि एकेका पोराच्या नाकाशी धरली. मग धावड्याचा डिंक हातावर ठेवला, मग सालईचा चीक, आणि विचारलं यातला खायचा कोणता नि जाळायचा कोणता. पोरांनी धावडा खायचा, सालई धुपाची हे बरोबर सांगितलं. मग त्यांनी पुढचं विचारलं, झाडाला खाच कुठे मारायची, किती खोल, आणि एका झाडाला परत कधी हात लावायचा. तिथे निम्मी पोरं थांबली. ज्यांच्या घरी अजून डिंकाचं काम चालतं त्या तीन-चार पोरांनी मात्र खोडावर बोट ठेवून दाखवलं, आणि ते सांगताना ती आजोबांसारखीच कोरकू बोलत होती, हिंदीचा एक शब्द न घालता. बाकीच्यांना झाडाचं नाव माहीत होतं पण झाडाशी कसं वागायचं ते बोलायला भाषा नव्हती. तुमच्या कोशात सालई, धावडा, मोहा ही नावं येतील. खाच किती खोल मारायची हे कोशात येत नाही, ते हाताने शिकतात आणि शिकताना बोलतात.

मोहाचंच घ्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्री गळायला लागतात, पहाटे टोपली घेऊन अख्खं घर झाडाखाली. कोणतं झाड कोणाच्या घरचं हे गावाला ठाऊक असतं, कागद नसतो. कोणतं झाड आधी फुलतं, कोणत्याची फुलं जास्त गोड, ढग आले की गळ कशी कमी होते, वाळवताना किती दिवस पसरून ठेवायची, याच्या गप्पा त्या पहाटेच्या दोन-तीन तासांत होतात आणि पोरं शेजारी वेचत असतात. झाडाखालचा पालापाचोळा साफ करायला जाळतात आणि त्यातून वणवा पसरतो ही वनविभागाची तक्रार खोटी नाही, त्याला झाडाखाली जाळी बांधणं हा उपाय आहे आणि तो लोकांना पटतोही. पण झाडाखाली जाणंच बंद केलं तर तो पहाटेचा वर्ग बंद होतो, आणि त्याची जागा तुमची-माझी शाळा घेऊ शकत नाही. म्हणून माझी विनंती, मोहाच्या दिवसांत पोरं सकाळी उशिरा आली तर गैरहजेरी मांडू नका, तास पुढे ढकला.

शेताचंही तसंच. उतारावर, हलक्या जमिनीवर कुटकी, कोदो, सावा व्हायचं, दाणा वर्षानुवर्षं कणगीत टिकायचा. मग सोयाबीन आलं, रोख पैसा आला, आणि ज्यांना पैशाची गरज आहे त्यांना मी नाव ठेवणार नाही. पण कुटकी गेली की तिचं निंदणं, झोडपणं, पाखडणं, दळणं, तिचा भात, त्यावरची गाणी हे सगळं मिळूनच जातं. मेळघाटचं नाव बाहेर फक्त कुपोषणामुळे माहीत आहे आणि त्या बातम्यांमध्ये हे कोणी सांगत नाही की इथल्या लोकांकडे आपलं धान्य होतं, तरोट्याच्या भाजीपासून बांबूच्या वास्त्यांपर्यंत, म्हणजे कोवळ्या कोंबांपर्यंत, पावसाळ्याचं अन्न होतं. शाळेच्या परसबागेत एक वाफा कुटकीचा लावा. बियाणं एखाद्या म्हातारीकडेच मिळेल आणि ते मागायला पोरांनाच पाठवा.

आता जमिनीशी नातं कसं बांधलेलं असतं ते त्यांच्याच गोष्टीतून सांगते, कारण तुम्हाला ती वर्गात लागेल. सातपुड्यात माणूसच नव्हता, तेव्हा रावणाने महादेवाला विनंती केली की इथे माणसं वसव. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला पाठवलं, त्या मातीच्या दोन मूर्ती केल्या, तर इंद्राने पाठवलेल्या घोड्यांनी त्या तुडवल्या, परत केल्या, परत तुडवल्या. मग महादेवाने आधी कुत्रा घडवला, त्याने घोड्यांना पळवून लावलं आणि मग मूर्तींत जीव आला, तेच मुला आणि मुलाई, पहिले कोरकू. गावागावांत यात थोडा फरक पडतो, पडू द्या, एकच "बरोबर" गोष्ट ठरवायला जाऊ नका. पण बघा, माणूस वारुळाच्या मातीचा, कावळ्याने शोधलेला, कुत्र्याने राखलेला. रावणाचं नाव ऐकून बाहेरून आलेले काही शिक्षक गोष्ट दुरुस्त करायला जातात, तसं कृपा करून करू नका. आणि माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी सागाच्या लाकडाचा जो मुंडा, म्हणजे खांब, उभा करतात, सूर्य-चंद्र आणि घोडेस्वार कोरलेला, तो ज्या झाडाखाली ठेवतात ती जागा त्या घराची असते. गाव उठवलं की माणसं ट्रकमध्ये बसवता येतात, ती जागा नाही येत.

हे मी उगाच म्हणत नाहीये. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊमध्ये. वाघ राहायलाच हवा, माझं त्यात दुमत नाही, आणि कोरकू माणसाचंही नाही, वाघ त्यांच्या देवांत आहे. पण २००० नंतर बोरी, कोहा, कुंड आणि पुढे आणखी गावं जंगलातून उठून अकोटकडच्या मैदानात गेली. तिथे वीज, रस्ता, दवाखाना जवळ, हे खरं. पण चारी बाजूंनी वऱ्हाडी, हाताशी जंगल नाही, आणि जी भाषा डोंगर, नाला, झाड यांच्या नावांनी चालायची तिला तिथे बोलायला विषय उरत नाहीत. अशा गावातून आलेली पोरं तुमच्या शाळेत नातेवाइकांकडे राहायला येतील, तर त्यांना जंगलात पाठवा, बाकीच्या पोरांबरोबर.

शेजारच्या निहालींचं उदाहरण डोळ्यांसमोर असू द्या. बुलढाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलणारी काही गावं आहेत, बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. ही भाषा जगातल्या कुठल्याच कुळात बसत नाही. आणि ती कोरकू, मराठी, हिंदीचे इतके शब्द घेऊन बसलीय की तिचे स्वतःचे शब्द वेचून काढावे लागतात. दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असले की जनगणनेच्या छापील तक्त्यात त्या भाषेचं वेगळं नावही येत नाही. म्हणजे आपल्याच राज्यात, तुमच्या शाळेपासून एका दिवसाच्या प्रवासावर, अशी भाषा आहे आणि महाराष्ट्रात किती जणांना तिचं नाव माहीत आहे? मला याचा खरंच त्रास होतो.

शब्दकोशाकडे येते. रेकॉर्डिंग करताना शब्दांची यादी घेऊन बसू नका, "याला काय म्हणता" असं विचारलं की माणसं एका शब्दात उत्तर देतात आणि कंटाळतात. कामावर सोबत जा, बोलणं चालू द्या आणि प्रत्येक फाइलला गाव, महिना, कोण बोलतंय, कोणतं काम चाललंय एवढं लिहून ठेवा. झाडाचा फोटो पानाचा, फुलाचा, खोडाचा असा तिन्ही घ्या, कारण एकाच झाडाला दोन गावांत दोन नावं असतात. मोठ्या अभ्यासकांनी कोरकूवर काम केलेलं आहे, शिकागोच्या नॉर्मन झाइड यांनी १९६० च्या सुमारास तिच्यावर पीएचडी केली, के. एस. नागराज यांनी कोरकू आणि निहाली दोन्हींवर लिहिलं, पण ते सगळं इंग्रजीत आणि लायब्ररीत. तुमचा कोश वर्गात लटकवता येईल असा असू द्या.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, भूमका आणि पडियार, म्हणजे गावचे पुजारी-वैदू, यांच्याकडचं औषधाचं ज्ञान असंच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू नका. ते ज्ञान गावाचं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३(१) मध्ये, जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा बौद्धिक संपदेचा हक्क लिहून ठेवलाय, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीच्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवही बाहेरच्या एजन्सीने टेबलावर बसून भरलेली असते, दहा गावांची एकसारखी. तुमच्या गावची मागून बघा. काम सुरू करण्याआधी ग्रामसभेत विषय ठेवा, काय नोंदवायचं, कुठे ठेवायचं, कोणाला दाखवायचं हे त्यांना ठरवू द्या, आणि त्यांनी एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं तर तिथे थांबा. भूमका काही झाडांचं सांगणारच नाही. त्याने नाही सांगितलं म्हणून काही बिघडत नाही, तो ज्याला द्यायचं त्याला देतो.

वेळेचं सांगते. दिवाळीनंतर निम्मं गाव मजुरीला बाहेर असतं, तेव्हा घरी फक्त म्हातारी माणसं आणि पोरं, म्हणजे गोष्टी ऐकायला चांगले दिवस. होळीला सगळे परत येतात, फगवा, मेघनाथ, नाच, तेव्हा काही रेकॉर्ड-बिकॉर्ड न करता नुसते जा, जेवा, नाचा, गाव तुम्हाला ओळखायला लागेल. मोह संपला की उन्हाळ्यात पुरुष माणसं निवांत भेटतात. आणि आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी सुरू होते, तेव्हा पावसाळी भाज्या नुकत्या उगवलेल्या असतात, पहिला आठवडा वर्गात न बसवता शिवारात न्या, पोरं सांगतील, तुम्ही लिहा.

आणि एकदा पालकांना घेऊन अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला जाऊन या, परतवाड्याहून जवळ आहे. तिथल्या गावकऱ्यांनी २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, १९३ हेक्टर ओसाड जंगल राखलं, सीताफळं नीट प्रतवारी करून मुंबईपर्यंत विकली, २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कारही मिळाला. कोरकूबहुल गाव आहे. तुमच्या गावचा सामूहिक वनहक्काचा दावा झालाय का, मंजूर झालाय का, नकाशा कुठे आहे, हे ग्रामसेवकाला विचारा, आणि नकाशा मिळाला तर मला कळवा. त्यावर नाले, टेकड्या, देवाच्या जागा यांची कोरकू नावं पोरांकडून भरून कशी घ्यायची ते मी तिथे येऊन दाखवेन, त्याला दोन दिवस पुरतात आणि वर्गाच्या भिंतीवर लावायला तुमच्या कोशाचं पहिलं पान तयार होतं.